बोलावणं आणि होकार

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक ठराव झाला. वहीत नेहमीसारखं ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं, सह्या झाल्या, अंगठे झाले. वही मिटायच्या वेळी मागे बसलेली एक बाई म्हणाली, “सर्वानुमते लिहिलंत खरं, पण मला कुणी विचारलंच नाही.” आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो. कारण ती खरं बोलत होती.

घरातही असंच होतं. “आमच्या घरी सगळ्यांना मान्य आहे,” असं बाहेर सांगतात, तेव्हा त्या सगळ्यांमध्ये घरातल्या बाईला धरलेलं असतं, पण विचारलेलं नसतं. लग्न कुणाशी, शिकायचं किती, माहेरी कधी जायचं, मुलं किती, या सगळ्यात हे चालतं. आणि देव कोणता मानायचा, यात तर ते सगळ्यात जास्त चालतं. म्हणून आज आम्ही इतिहासातली एक गोष्ट घेऊन आलो आहोत. ख्रिस्ती धर्माचं बोलावणं महाराष्ट्रातल्या दोन बायकांपर्यंत कसं पोचलं आणि त्यांनी त्याला कसं उत्तर दिलं, याची ही गोष्ट आहे. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. कुणी कोणता धर्म घ्यावा हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. आमच्या गटात वारीला जाणाऱ्या आहेत, बुद्धविहारात जाणाऱ्या आहेत, दर्ग्यावर जाणाऱ्या आणि चर्चमध्ये जाणाऱ्याही आहेत. प्रश्न वेगळा आहे. होकार खरा कधी म्हणायचा?

आधी बोलावण्याचं बघू. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथात येशू लोकांना बोलावतो. मासे धरणाऱ्यांना म्हणतो, माझ्यामागे या. काही जण जाळी टाकून जातात. पण सगळेच जात नाहीत. एक श्रीमंत तरुण येतो, खूप काही विचारतो. येशू त्याला सांगतो, तुझं आहे ते विकून गरिबांना दे आणि मग ये. त्या माणसाचं तोंड उतरतं आणि तो निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही, शाप देत नाही, त्याच्या घरच्यांना धरत नाही. त्याला जाऊ देतो. पुढे एकदा बरेच शिष्य सोडून जातात, तेव्हा उरलेल्या बारा जणांनाही तो विचारतो, तुम्हालाही जायचं आहे का? म्हणजे मुळातलं बोलावणं आपल्याकडच्या अक्षतीसारखं आहे. आपण अक्षत देऊन येतो. यायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. अक्षत दिली म्हणून कुणाला हाताला धरून मांडवात ओढत नाही.

पण इतिहासात नेहमी असं झालं नाही, हेही सांगायला हवं. आपल्या शेजारी गोव्यातच बघा. पोर्तुगिजांच्या राज्यात १५५९ साली अनाथ हिंदू मुलांना पाद्र्यांच्या ताब्यात देऊन बाप्तिस्मा देण्याचं फर्मान निघालं. पुढे तर बाप वारला की, आई जिवंत असली तरी, मूल अनाथ धरलं जाई, असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. आईला कुणी मोजलंच नाही. १५६० साली तिथे इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय सुरू झालं. ते कायमचं बंद व्हायला १८१२ साल उजाडलं. त्या काळात कित्येक कुटुंबांनी आपले देव उचलून नदीपलीकडे नेले. मंगेशी आणि शांतादुर्गा आज फोंडा तालुक्यात आहेत, त्या अशाच तिकडे गेल्या. जे बोलावणं नाकारता येत नाही, त्याला बोलावणं म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. पुढे चारशे वर्षांनी, १९६५ साली, खुद्द रोमच्या कॅथलिक चर्चने आपल्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं की श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती करता कामा नये. श्रद्धा ठेवणं हे माणसाचं स्वतःचं मोकळं उत्तर असलं पाहिजे, असं त्यांनी लिहून ठेवलं.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना गावाबाहेर रानात राहावं लागलं. आईने लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगत असे. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ चालत चालत देश फिरले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. वयाच्या विशीत एका बाईला हा मान! पुढे भाऊही गेला. रमाबाईंनी जातीबाहेरच्या एका बंगाली वकिलाशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ साली नवराही पटकीने गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही पोर, आणि जवळचं असं कुणी उरलं नाही.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. सरकारी शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली की बायकांसाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांच्या आजारासाठी बायकाच डॉक्टर हव्यात. स्वतः डॉक्टर व्हावं या इच्छेने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी जोगिणींच्या मठात उतरल्या. निघताना त्यांनी लोकांना सांगितलं होतं की मी ख्रिस्ती होणार नाही. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिला तिथे भीतीने घेरलं आणि तिने आपला जीव दिला. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील असं तिच्या मनाने घेतलं होतं, असं चरित्रकार सांगतात. एकाच घरात दोघी उतरल्या होत्या. एकीला तिथलं बोलावणं फास वाटलं. रमाबाईंनी मात्र त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंना कशाने ओढलं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. लंडनला काही जोगिणी समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना जवळ करून नवं आयुष्य देत होत्या. रमाबाईंनी ते काम डोळ्यांनी पाहिलं. अशा बाईला कुणी माणूस म्हणून वागवताना त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. ती गोष्ट आपल्या पाणवठ्यावरचीच वाटते. येशू विहिरीवर बसलेला असतो, पाणी भरायला एक बाई येते. तिच्या जातीच्या हातचं पाणी येशूच्या लोकांना चालत नसे. तो तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी देवाधर्माचं बोलतो. पाच नवरे झालेल्या, लोकांनी नावं ठेवलेल्या बाईशी. रमाबाईंच्या मनात ते रुतलं.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्यापुढची कमी सांगतात. बाप्तिस्मा झाल्यावर वाँटेजच्या जोगिणींना आणि इंग्लंडच्या धर्मगुरूंना वाटलं, आता ही आपली झाली, सांगू तसं वागेल. रमाबाईंनी तसं केलं नाही. धर्ममतांतली जी गोष्ट पटली नाही, तिच्याबद्दल त्या प्रश्न विचारत राहिल्या. मांस-अंडी त्यांनी खाल्ली नाहीत. जोगिणींना वाटे हा जातीचा ताठा आहे. रमाबाईंचं म्हणणं, काय खायचं ते मी ठरवीन. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवतही होत्या. पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, बाईने पुरुषांना शिकवलेलं बरं दिसणार नाही म्हणून. रमाबाईंनी पत्रं लिहून खडसावून विचारलं. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती दुसऱ्या पुरोहितशाहीच्या जोखडात घालणार नाही, असा त्या पत्रांचा रोख आहे. देवाला त्यांनी हो म्हटलं होतं. साहेबांच्या प्रत्येक हुकमाला हो म्हटलं नव्हतं.

आम्हाला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बाईने एकदा हो म्हटलं की तो होकार जन्मभराचा आणि सगळ्याला धरला जातो. लग्नाला हो म्हटलंस ना, मग आता बोलू नकोस. रमाबाईंनी दाखवलं की हो म्हटल्यावरही प्रश्न विचारायचा हक्क संपत नाही.

परत आल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रानडे, भांडारकरांसारखी मोठी माणसं सल्लागार होती. ठरलं होतं की इथे धर्म शिकवायचा नाही, प्रत्येकीने आपापली रीत पाळावी. रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली मोठा गहजब झाला. केसरीने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांनी राजीनामे दिले. रमाबाई म्हणत, मी कुणाला बोलावत नाही, पण येणारीला हाकलणारही नाही. टीकाकार म्हणत, जिचं अन्न ही बाई खाते, जिच्या छपराखाली झोपते, ती मुलगी मोकळेपणाने कसं ठरवणार?

मैत्रिणींनो, दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐकायला हवं. टीकाकारांतल्या पुष्कळांना त्या मुलींचं केस काढणं आणि कोंडून घालणं खुपत नव्हतं, त्यांचं प्रार्थनेला बसणं मात्र खुपलं. हे खरं. पण त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्यातल्या पुष्कळ जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. ज्या घराने मरणातून ओढून काढलं, त्या घराच्या देवाला नाही म्हणणं किती जड जात असेल! उपकाराखाली दबलेल्या माणसाचा होकार तपासूनच घ्यावा लागतो.

मग नाही म्हणता येत होतं का? शारदा सदनातलं एक उदाहरण आपल्यापुढे आहे. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती रमाबाईंच्या जवळची, त्यांच्या हाताखाली वाढलेली. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ साली, गहजबाच्या त्याच वर्षी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. शेवटपर्यंत हिंदू राहिली आणि रमाबाईंचं ऋणही मानत राहिली. निदान एकीला तरी त्या घरात राहून, शिकून, आपल्या वाटेने जाता आलं.

आता दुसऱ्या बाईकडे येऊ. लक्ष्मीबाई टिळक, जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कवी, नारायण वामन टिळक. कधी घरात असे, कधी न सांगता निघून जाई. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाईंना कळलं तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळलं. पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. त्या काळात नवरा म्हणेल ती पूर्व दिशा. पण इथे नवरा पूर्व बदलून बसला होता.

१८६६ सालचा एक कायदा होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको त्या कारणाने नांदायला येत नसेल, तर तो कोर्टात जाऊ शके आणि शेवटी लग्न मोडता येई. टिळकांनी तसं केलं नाही. ते पत्रं पाठवत, भेटायला येत, वाट बघत. लक्ष्मीबाई नातलगांकडे, पंढरपूरला, जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ नगरला आल्या, पण अट घालून. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं वेगळं. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, आणि संसार जवळजवळ. गावाला हसू येत असेल. पण विचार करा, केवढी मोठी गोष्ट आहे ही! नवऱ्याचा धर्म बदलला म्हणून बायकोचा आपोआप बदलला नाही. तिने तो बदलू दिला नाही.

मग हळूहळू लक्ष्मीबाईंच्या डोक्यात एक प्रश्न घोळू लागला. ही शिवाशिव देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या अंगावर काही खूण नसती का ठेवली? हा प्रश्न त्यांनी आपला आपण सोडवला. जात माणसाची आहे असं पटलं, त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायला सुरुवात केली. धर्म नंतर, आधी माणसाच्या हातचं पाणी. आणि मग १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा मागितला. नवऱ्याने दटावलं म्हणून नाही, कंटाळून नाही, उपकार म्हणून नाही. आपलं उत्तर सापडायला त्यांना पाच वर्षं लागली आणि तेवढी त्यांनी घेतली. ही सगळी हकिगत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात सांगितली आहे, तीही स्वतःला हसत हसत. गावच्या वाचनालयात मिळालं तर आणा आणि बैठकीत थोडं थोडं मोठ्याने वाचा. आपलीच कुणी आत्या बोलते आहे असं वाटेल.

इथे आणखी एक नाव घ्यायला हवं. १९३५ साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. तेव्हा ख्रिस्ती, मुसलमान, शीख, सगळ्यांकडून बोलावणी आली. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं, अभ्यास केला आणि एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बुद्धाची वाट धरली. ख्रिस्ती बोलावण्याला त्यांचं उत्तर नाही होतं आणि तेही तितकंच मोकळं होतं.

त्यांच्याच हाताखाली घडलेल्या आपल्या राज्यघटनेत पंचविसावं कलम आहे. प्रत्येक माणसाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य सांभाळून. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार करणं म्हणजे आपल्या धर्माची शिकवण सांगणं. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. सोप्या भाषेत, बोलावण्याचा हक्क बोलावणाऱ्याचा, ठरवण्याचा हक्क ठरवणाऱ्याचा. आणि या कलमात ‘सर्व व्यक्ती’ असं लिहिलं आहे. कुटुंबप्रमुख असं लिहिलेलं नाही.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतलं एक काम सांगतो. बायबल तेव्हा मराठीत होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या बायकांना कळायला जड जाई. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत सगळं बायबल उतरवत बसल्या. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, छापलं. १९२२ साली वारण्याआधी त्यांनी ते काम हातावेगळं केलं. त्यांचं बायबल कुणी मानो न मानो, त्यामागचा विचार आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. ज्याला हो म्हणायचं ते आधी स्वतःला वाचता यावं, कळावं. न वाचता केलेली सही मग ती कर्जाच्या कागदावर असो की धर्माच्या, ती आपली नसते.

तर मैत्रिणींनो, या दोघींच्या गोष्टीतून आम्ही आमच्या गटासाठी तीन प्रश्न काढले आहेत. कुणी बाईला काहीही विचारलं, तर आधी हे बघायचं. एक, तिला नाही म्हणता येतं का, आणि नाही म्हटल्यावर तिचं जेवण, छप्पर, माणसं शाबूत राहतात का? दोन, तिला हवा तेवढा वेळ मिळतो आहे का? तीन, हो म्हटल्यावरही तिला प्रश्न विचारता येतात का? तिन्हीला हो आलं तर तो होकार तिचा. एकालाही नाही आलं तर अजून तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

हे तीन प्रश्न आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. आणि तो मागचा ठराव पुन्हा बैठकीत घेतला. त्या बाईला विचारलं. तिने आठ दिवस मागितले. आम्ही दिले. ती काय म्हणते ते अजून कळायचं आहे. पण या वेळी वहीत ती जागा आम्ही कोरी सोडली आहे.